सदाफुली, कळलावी आणि नंदुरबारचे मनसुख वाणी: पेशीतल्या यात्रेची गोष्ट

अहमदपूरहून तुमचा दोस्त बोलतोय. हे आजच्या भागाचं लिखित रूप. ज्यांचा डेटा दुपारपर्यंतच संपतो, ज्यांना एसटीत काही ऐकू येत नाही, आणि ज्यांना मुळात वाचायलाच आवडतं, अशा सगळ्यांसाठी.

इतिहास म्हटलं की आपल्याकडं किल्ले, निजाम, मुक्तिसंग्राम असे विषय निघतात. ते आपण केलेत आणि पुढंही करणार आहोत. पण आज इतिहास सांगायचाय एका कल्पनेचा. कल्पना अशी, की काही गोष्टी स्वतःच स्वतःला बांधतात, आणि गरज संपली की स्वतःच स्वतःला मोडतात. ही कल्पना समजायला शास्त्रज्ञांना शंभर वर्षं लागली. त्या प्रवासात तुमच्या अंगणातली सदाफुली आहे, बांधावरची कळलावी आहे, आणि आपल्या खानदेशातल्या नंदुरबारात जन्मलेला एक माणूस आहे. घरात कुणाची केमो चालू असेल किंवा होऊन गेली असेल, तर हा भाग नक्की शेवटपर्यंत वाचा.

आधी माळेगावला जाऊन येऊ

अहमदपूरहून नांदेडच्या रस्त्याला लागलं की लोह्याच्या अलीकडं माळेगाव लागतं. खंडोबाची यात्रा, मार्गशीर्षातली. तुमच्यातल्या निम्म्या लोकांनी तिथं पाळण्यात बसून ओरडून घेतलेलं असणार.

आता एक विचार करा. एरवी तिथं माळरान असतं. यात्रेच्या तोंडावर बघता बघता गाव उभं राहतं. पालं, राहुट्या, हॉटेलं, पाळणे, तमाशाचे फड, घोड्यांचा बाजार, गाढवांचा बाजार. पाण्याची आणि लायटीची सोय प्रशासन करतं, मान्य. पण बांगडीवाल्याच्या शेजारी बांगडीवालाच का बसतो? भज्याचं हॉटेल गर्दीच्या वाटेवरच का लागतं? हे कुणी कागदावर आखून दिलेलं नसतं. प्रत्येकजण आपल्या शेजाऱ्याकडं बघून जागा धरतो आणि सगळ्यांची मिळून यात्रा होते. माणसं येत राहतात, पैसा फिरत राहतो, तोवर ती टिकते. गर्दी ओसरली की पालं उठतात, आणि तेच बांबू, तीच ताडपत्री पुढच्या यात्रेला जाते.

आता याच्या शेजारी खडीसाखर ठेवा. साखरेच्या दाट पाकात दोरा सोडून ठेवला की खडे धरतात. तिथंही कुणी एकेक कण उचलून लावत नाही, कण स्वतःच जागा धरतात. पण खडा एकदा झाला की झाला. तो तसाच बसून राहतो.

खडीसाखर आणि यात्रा, दोन्ही आपोआप जुळणारेच प्रकार. पहिला जुळून थांबतो. दुसरा सारखा जुळत असतो, सारखा मोडत असतो, आणि त्याला खर्ची लागते. विज्ञानात पहिल्याला स्थिर स्वयंजुळणी म्हणता येईल, दुसऱ्याला गतिमान स्वयंजुळणी. जिवंत पेशीत दोन्ही चालतात. पण पेशीला जिवंत ठेवणारी बरीचशी कामं यात्रेसारखी असतात, हे कळायला वेळ लागला.

तंबाखूचा रोग आणि खडीसाखर

सुरुवात खडीसाखरेपासून झाली. तंबाखूच्या पानावर ठिपके पाडणारा एक विषाणू आहे, तंबाखू मोझॅक विषाणू. १९३५ साली अमेरिकेत वेंडेल स्टॅन्ली यांनी त्याचे स्फटिक मिळवले. रोग पसरवणारी गोष्ट मिठासारखी बाटलीत भरून ठेवता येते, हे बघून लोक चक्रावले. स्टॅन्लींना १९४६ मध्ये नोबेल मिळालं.

पुढचा धक्का १९५५ मध्ये बसला. बर्कलीला हाइंझ फ्रेंकेल-कॉनराट आणि रॉब्ली विल्यम्स यांनी हा विषाणू सुटा केला. प्रथिनं एका बाजूला, आरएनए दुसऱ्या बाजूला. मग दोन्ही पुन्हा एका भांड्यात घातलं. भाग आपापल्या जागी जाऊन बसले आणि परत रोग पाडणारा विषाणू तयार झाला! मध्ये ना गवंडी, ना मुकादम. २१३० एकसारखे प्रथिनाचे तुकडे आणि एक आरएनएची दोरी, एवढ्यावर ३०० नॅनोमीटर लांबीची नीटस काडी उभी राहिली.

त्यानंतर लोकांना वाटायला लागलं, की पेशीचंही असंच असणार. सुटे भाग बनवा, एकत्र टाका, बाकीचं आपोआप होईल. अर्धी गोष्ट खरी होती. उरलेली अर्धी एका जपानी माणसाच्या सूक्ष्मदर्शकाखाली दिसत होती.

दोरे खरे की भास?

पेशी दुभंगते तेव्हा आत काय होतं, याची सुंदर चित्रं जर्मनीच्या वॉल्थर फ्लेमिंग यांनी १८८२ मध्येच छापली होती. गुणसूत्रं मध्ये रांगेत येतात, दोन टोकांकडून दोरे येतात आणि अर्धी इकडं, अर्धी तिकडं अशी ओढून नेतात. पण त्या काळी पेशी बघायची तर आधी ती औषध घालून मारावी लागायची. म्हणून भांडण सुरू झालं. काही जण म्हणायचे दोरे खरे आहेत. काही म्हणायचे, मेलेल्या पेशीत रसायनामुळं पडलेल्या सुरकुत्या आहेत त्या. हा वाद तब्बल सत्तर वर्षं चालला.

तो मिटवला शिन्या इनोये यांनी. महायुद्धानंतरच्या टोकियोत सामान मिळत नव्हतं, तर या पठ्ठ्यानं जुन्या मशीनगनचा सांगाडा आणि चहाचा डबा वापरून सूक्ष्मदर्शक जुळवला. पुढं अमेरिकेत त्यांनी तो आणखी सुधारला. ध्रुवित प्रकाश वापरला की जिवंत पेशीतले दोरे, तिला न मारता, चमकताना दिसायचे. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी दाखवून दिलं की दोरे खरे आहेत.

पण गंमत पुढंच आहे. पेशी गार केली की दोरे गायब व्हायचे. परत ऊब दिली की काही मिनिटांत परत हजर! पेशी मरत नव्हती, काही तुटत नव्हतं. पालं उठायची आणि परत लागायची. म्हणजे हे काम खडीसाखरेचं नव्हतं.

बांधावरची कळलावी

दोरे कशाचे बनलेत, हे शोधायला मदत केली एका विषानं. पावसाळ्यात कुंपणाला, झुडपात लाल-पिवळं, आगीच्या ज्वाळेसारखं फूल दिसतं ना, ती कळलावी. अग्निशिखा पण म्हणतात. तिच्या कंदात आणि बियांत कोल्चिसीन नावाचं जहर असतं. सूचना आत्ताच देतो, हात लावायचा नाही, चाखायचं तर अजिबात नाही, माणूस दगावतो. युरोपात हेच रसायन दुसऱ्या एका फुलझाडाच्या कंदातून मिळायचं. फ्रान्समध्ये १८२० साली ते वेगळं काढलं, आणि अगदी मोजक्या मात्रेत गाउट या सांध्याच्या दुखण्यावर आजही डॉक्टर ते देतात.

कोल्चिसीन घातलं की दुभंगणारी पेशी अर्ध्यातच थांबते. गुणसूत्रं मोकळी पसरतात, ओढायला दोरेच नसतात. याचा एक फायदा झाला. १९५६ पर्यंत पुस्तकात छापलेलं असायचं की माणसात ४८ गुणसूत्रं असतात. जो हिन त्यो आणि आल्बर्ट लेव्हान यांनी कोल्चिसीन वापरून पेशी थांबवल्या, नीट मोजलं, आणि आकडा निघाला ४६. आपल्याला दहावीत पाठ करावा लागतो तो आकडा इथून आलाय. बिनबियांचं टरबूजही कोल्चिसीनच्याच कृपेनं.

मग १९६७ मध्ये शिकागोत गॅरी बोरिसी आणि एडविन टेलर यांनी किरणोत्सारी कोल्चिसीन पेशीत घालून ते नेमकं कुणाला जाऊन चिकटतं ते शोधलं. सापडलं एक प्रथिन. त्याला पुढं नाव मिळालं ट्यूब्युलिन. हीच ती वीट. तिच्या रांगा बनतात, साधारण तेरा रांगा मिळून एक पोकळ नळी होते. सूक्ष्मनलिका. जाडी फक्त २५ नॅनोमीटर. आपल्या एका केसाच्या रुंदीत अशा तीनेक हजार नळ्या शेजारी शेजारी मावतील.

१९७२ मध्ये रिचर्ड वायझेनबर्ग यांनी या नळ्या पेशीबाहेर, परीक्षानळीत बनवून दाखवल्या. ऊब दिली की नळ्या, गार केलं की विटा. इनोयेंनी पेशीत पाहिलेलं आता काचेत दिसायला लागलं.

अंगणातली सदाफुली

मध्येच एक उपकथा. सदाफुली तुमच्याकडं नसेल असं घर मराठवाड्यात सापडणं अवघड. पाणी घाला, नका घालू, ती फुलतेच.

१९५० च्या दशकात जमैकातून तिची पानं कॅनडात रॉबर्ट नोबल यांच्याकडं पोचली. तिकडं लोक मधुमेहावर तिचा काढा घ्यायचे. नोबल यांनी उंदरांना देऊन बघितलं. साखरेवर काही विशेष परिणाम नाही, पण रक्तातल्या पांढऱ्या पेशी धडाधड कमी झाल्या. दुसरा कुणी असता तर प्रयोग फसला म्हणून सोडून दिला असता. नोबल आणि रसायनशास्त्रज्ञ चार्ल्स बीअर यांनी उलटा विचार केला. रक्ताच्या कॅन्सरमध्ये पांढऱ्या पेशी बेसुमार वाढतात, मग हेच औषध का नाही? १९५८ मध्ये विनब्लास्टीन मिळालं. त्याचंच भावंड विनक्रिस्टीन १९६३ मध्ये अमेरिकेत वापरात आलं. लहान मुलांच्या रक्ताच्या कॅन्सरवरच्या उपचारात ते आजही मुख्य औषधांपैकी एक आहे.

सदाफुलीचं औषध पण ट्यूब्युलिनलाच चिकटतं आणि नळी बांधू देत नाही. पेशी दुभंगू शकत नाही, मरते. कॅन्सरच्या पेशी सारख्या दुभंगत असतात म्हणून त्यांना मार जास्त बसतो. इथपर्यंत तर्क सरळ आहे. बांधकाम थांबवलं, काम थांबलं.

आता येतं कोडं.

नंदुरबार ते नॉर्थ कॅरोलिना

२० फेब्रुवारी १९२५. तेव्हाचा पश्चिम खानदेश जिल्हा, आजचं नंदुरबार. तिथं मनसुख वाणी यांचा जन्म झाला. मुंबई विद्यापीठातून रसायनशास्त्रात एमएस्सी केलं, मुंबईत कॉलेजात काही वर्षं शिकवलं, आणि मग तिशी ओलांडल्यावर अमेरिकेला पीएचडीला गेले. 'आता वय झालं' म्हणणाऱ्या माझ्या स्पर्धा परीक्षावाल्या मित्रांनो, नोंद घ्या. १९६२ मध्ये इंडियाना विद्यापीठाची पीएचडी मिळाली आणि ते नॉर्थ कॅरोलिनातल्या रिसर्च ट्रँगल इन्स्टिट्यूटमध्ये मन्रो वॉल यांच्या प्रयोगशाळेत दाखल झाले.

त्या काळात अमेरिकेची राष्ट्रीय कॅन्सर संस्था हजारो झाडं गोळा करून तपासत होती. कुठल्या झाडात कॅन्सरच्या पेशी मारणारं काही आहे का, हे बघायला. त्याच १९६२ च्या ऑगस्टमध्ये सरकारी वनस्पतितज्ज्ञ आर्थर बार्कली यांनी वॉशिंग्टन राज्यातल्या जंगलातून पॅसिफिक यू नावाच्या झाडाची साल गोळा केली. लाकूडतोड्यांच्या लेखी त्या झाडाला फारशी किंमत नव्हती. आपल्या हिमालयात त्याचा भाऊबंद आहे, तिकडं त्याला थुनेर म्हणतात.

सालीचा अर्क पेशी मारत होता. पण अर्कात शेकडो रसायनं असतात, त्यातलं नेमकं कुठलं? वॉल आणि वाणी वेगळं काढत गेले, तपासत गेले, परत वेगळं काढत गेले. १२ किलो माल वापरून हातात आलं अर्धा ग्रॅम. घरच्या भाषेत सांगायचं तर एक मोठा डबाभर सालीतून चिमूटभर मिठापेक्षा थोडं जास्त. त्या रसायनाचं नाव ठेवलं टॅक्सॉल. आज दवाखान्याच्या चिठ्ठीवर ते पॅक्लिटॅक्सेल म्हणून लिहिलेलं असतं.

मग त्याची रचना शोधायची होती. रेणू इतका किचकट होता की सरळ हाती लागेना. शेवटी त्याचे दोन तुकडे करून, क्ष-किरणांची मदत घेऊन, १९७१ मध्ये रचना छापून आली. त्या लेखावर पहिलं नाव आहे वाणी यांचं.

हेच वॉल आणि वाणी १९६६ मध्ये आणखी एक रेणू शोधून बसले होते, कॅम्प्टोथेसिन. तो आपल्या सह्याद्रीतल्या नरक्या नावाच्या झाडातही मिळतो. त्याच्या चोरट्या तोडीची बातमी अधूनमधून तुम्ही वाचली असेल. पण तो रेणू वेगळ्या वाटेनं काम करतो, त्याची गोष्ट परत कधीतरी.

कोडं काय होतं?

टॅक्सॉल पेशी मारतं, हे माहीत. रचना माहीत. पण मारतं कसं? वर्षानुवर्षं कुणालाच माहीत नव्हतं. पाण्यात विरघळत नाही, झाडं कमी, काढायला महाग. फाइल धूळ खात पडायची चिन्हं होती.

न्यूयॉर्कच्या अल्बर्ट आइन्स्टाइन कॉलेज ऑफ मेडिसिनमध्ये सुझन हॉरविट्झ आणि त्यांचा विद्यार्थी पीटर शिफ यांनी थोडंसं टॅक्सॉल मागवून बघितलं. पेशी दुभंगताना थांबत होती. मग अंदाज सोपा होता, हे पण सदाफुलीसारखंच, बांधकाम थांबवणारं. परीक्षानळीत तपासलं तर उलटंच. टॅक्सॉल घातलं की नळ्या अजून जोरात बनत होत्या. आणि बनल्या की मोडतच नव्हत्या. गार करा, काही करा, पाल उठतच नाही! हा शोध १९७९ मध्ये 'नेचर'मध्ये आला.

आता सांगा. एक औषध नळी बांधू देत नाही, पेशी मरते. दुसरं औषध नळी मोडू देत नाही, तरी पेशी मरते. नळ्या भरपूर आहेत, मजबूत आहेत, मग पेशीचं अडलं कुठं?

उत्तर मिळायला आणखी पाच वर्षं लागली.

तुराट्यांची मोळी आणि विहिरीतला गळ

१९८४ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत टिम मिचिसन आणि मार्क किर्श्नर यांनी एकेका सूक्ष्मनलिकेची लांबी मोजली. सगळ्या नळ्या सारख्या वागत नव्हत्या. एकाच भांड्यात, एकाच वेळी, काही नळ्या वाढत होत्या आणि शेजारच्याच काही झपाट्यानं आकसत होत्या. वाढणारी मध्येच कोसळायची, कोसळणारी मध्येच सावरायची. त्यांनी याला नाव दिलं गतिमान अस्थिरता.

असं का होतं? प्रत्येक ट्यूब्युलिनची वीट येताना सोबत जीटीपी नावाचं इंधन घेऊन येते. रिचार्ज मारलेलं सिम समजा. वीट नळीत बसली की थोड्या वेळानं रिचार्ज संपतो. संपला की त्या विटेला वाकून बाहेर पडायची घाई होते. पण टोकाला ताज्या, रिचार्जवाल्या विटा असतील तर त्या सगळ्यांना धरून ठेवतात. तुराट्यांच्या मोळीचं बघा. वर दावं आवळलेलं आहे तोवर मोळी सरळ उभी. दावं सुटलं की काड्या चारी बाजूंनी फाकल्या. नळीचंही तसंच. टोकाचं दावं गेलं की नळी सालपटासारखी सुटत खाली येते.

बरं, एवढं इंधन जाळून पेशी हा खेळ का करते? आता विहीर आठवा. पोहरा विहिरीत पडला की आपण गळ सोडतो. खाली दिसत काही नाही. सोडायचा, फिरवायचा, ओढायचा. नाही लागला तर वर घ्यायचा, परत दुसरीकडं सोडायचा. कधीतरी कडीत अडकतो. सूक्ष्मनलिका पेशीच्या अंधारात हेच करते. वाढते, चाचपते, गुणसूत्र नाही सापडलं तर आकसते, दुसऱ्या दिशेनं परत वाढते. सापडलं की धरते आणि टिकते. दुभंगणाऱ्या पेशीत यातल्या बऱ्याचशा नळ्या मिनिटभरसुद्धा टिकत नाहीत, इतक्या वेगानं हा शोध चालतो.

कोड्याचं उत्तर इथं आहे. टॅक्सॉलनं गळ विहिरीतच गोठवला. गळ मजबूत आहे, पण वरही येत नाही, फिरतही नाही. मग पोहरा निघणार कसा?

१९९० च्या दशकात सँटा बार्बराला मेरी ॲन जॉर्डन आणि लेस्ली विल्सन यांनी आणखी बारकाईनं बघितलं. औषध अगदी कमी मात्रेत दिलं तर सदाफुलीवालं आणि टॅक्सॉल, दोन्ही एकच गोष्ट करतात. नळ्यांची संख्या फारशी बदलत नाही, त्यांची हालचाल मंदावते. पेशीला तेवढंही झेपत नाही. एक बांधू देत नाही आणि दुसरं मोडू देत नाही म्हणून आपण त्यांना विरुद्ध समजत होतो, पण त्यांचा मार एकाच ठिकाणी बसतो, तो म्हणजे बांधण्या-मोडण्याच्या चक्रावर.

सलाईनच्या बाटलीपर्यंत

टॅक्सॉलला अमेरिकेत मंजुरी मिळाली १९९२ च्या डिसेंबरमध्ये, अंडाशयाच्या कॅन्सरसाठी. मग १९९४ मध्ये स्तनाच्या कॅन्सरसाठी. साल गोळा केली त्याला तीस वर्षं होऊन गेली होती. झाडं तोडून भागणार नव्हतं, म्हणून मग यूच्या पानांतून कच्चा रेणू घेऊन पुढचं काम प्रयोगशाळेत करायची पद्धत आली. पानं परत फुटतात, साल काढलेलं झाड मरतं.

आणि एक गावाकडची गोष्ट ऐका. हे औषध पाण्यात विरघळत नाही, म्हणून ते ज्या द्रवात मिसळून सलाईनमधून देतात तो बनतो एरंडेलापासून. आपल्या बांधावरच्या एरंडापासून! त्या द्रवामुळं काहींना ॲलर्जी येते. म्हणून केमो लावायच्या आधी नर्स ताई वेगळी इंजेक्शनं देतात आणि सुरुवातीला जवळ उभ्या राहून लक्ष ठेवतात.

आता घरचं बोलू. आपल्याकडून कुणी बार्शीला जातं, कुणी थेट मुंबईला टाटाला. केमोनंतर केस जातात. हातापायाला मुंग्या येतात, बोटं बधिर होतात, शर्टाचं बटण लागत नाही. विनक्रिस्टीन असेल तर पोट गच्च होतं. घरात कुणीतरी म्हणतं, औषध मानवत नाही, बंद करा.

असं का होतं ते आता तुम्हाला सांगता येईल. केसांच्या मुळाशी असलेल्या पेशी सारख्या दुभंगतात, म्हणून त्यांनाही गोठलेल्या गळाचा फटका बसतो. आणि मज्जातंतू? ते तर दुभंगत नाहीत. पण पाठीच्या कण्यापासून पायाच्या अंगठ्यापर्यंत जाणारा तंतू हातभराहून लांब असतो, आणि त्यातून माल वाहायला सूक्ष्मनलिकांचेच रूळ असतात. त्या रुळांवर प्रथिनांच्या मोटारी चालतात. मुंबईत टीआयएफआरमध्ये रूप मलिक यांनी याच मोटारींवर मोठं काम केलं आणि त्यासाठी त्यांना २०१८ चा इन्फोसिस पुरस्कार मिळाला. रुळांची घडी बिघडली की सगळ्यात लांबच्या स्टेशनला माल आधी कमी पडतो. म्हणून मुंग्या आधी पायाच्या बोटांत येतात.

मुंग्या आल्या, बधिरपणा आला तर तो लपवायचा नाही. डॉक्टरांना लगेच सांगायचं. मात्रा कमी करणं, मध्ये अंतर ठेवणं, औषध बदलणं त्यांच्या हातात असतं. 'सहन होतंय' म्हणून गप्प बसणाऱ्या आपल्या आया-मावश्यांना हे तुम्हीच समजावून सांगू शकता.

आणि व्हॉट्सॲपवरचं ते हळदीचं. आयआयटी मुंबईत दुलाल पांडा यांच्या गटानं २००६ मध्ये दाखवलं होतं की हळदीतलं कर्क्युमिन ट्यूब्युलिनला चिकटतं आणि नळी बांधायला अडथळा आणतं. हे खरं आहे. पण ते काचेतलं आणि वाढवलेल्या पेशींतलं काम. दुधात हळद घालून पिणं म्हणजे केमो नव्हे, आणि सदाफुलीची पानं चावणं तर नव्हेच नव्हे. सदाफुलीतलं औषध मिलिग्रॅममध्ये मोजून शिरेतून देतात, पानात किती आहे ते कुणी मोजलेलं नसतं.

मग माणसानं काय उचललं?

पेशी असं करते, हे कळल्यावर रसायनवाल्यांच्या डोक्यात किडा वळवळला. आपणही असा पदार्थ बनवू का? बांधला जाणारा, खर्ची संपली की मोडणारा, जखम झाली तर स्वतःला सांधणारा?

१९९७ मध्ये शास्त्रज्ञांच्या एका गटानं सूक्ष्मनलिका आणि त्यांच्या मोटारी काचेत एकत्र टाकल्या, इंधन दिलं, आणि आपोआप ताऱ्यासारखे, भोवऱ्यासारखे आकार तयार झाले. २०१० मध्ये नेदरलँड्सच्या डेल्फ्टमध्ये, एकही जैविक प्रथिन न वापरता, साध्या रेणूंना रासायनिक इंधन देऊन घट्ट जेल बनवलं. इंधन संपलं की ते परत पातळ. २०१२ मध्ये अमेरिकेत ब्रँडाइस विद्यापीठात सूक्ष्मनलिका, मोटारी आणि एटीपी यांपासून असा द्रव बनला की तो कुणी न ढवळता स्वतःच वाहत राहतो.

आणि आपल्या पुण्यात? राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत, म्हणजे एनसीएलमध्ये, शायनी वर्गीस, आशिष लेले आणि गोव्यातल्या माशेलचे रघुनाथ माशेलकर यांनी २००१ मध्ये दाखवलं की ठराविक जेल तांब्याच्या क्षारात ठेवलं की ते स्वतःच आपला आकार बदलून वेगळी रचना घेतं. २००६ मध्ये याच तिघांनी कापलेलं जेल धातूच्या आयनांच्या मदतीनं परत सांधून दाखवलं. युक्ती तीच, बंध पक्के ठेवायचे नाहीत. सुटता येईल आणि परत धरता येईल, असे ठेवायचे. सिमेंटची भेगाळलेली भिंत स्वतः भरून येत नाही, पण गुडघ्याची खरचटलेली कातडी भरून येते, त्यातलाच हा फरक. वर्गीस पुढं अमेरिकेत गेल्या आणि २०१२ मध्ये त्यांच्या गटानं काही सेकंदांत सांधणारं जेल बनवलं.

यातून उद्या काय निघेल? गाठीजवळ जाऊन औषध सोडणारी आणि मग विरघळून जाणारी गोळी, जखमेवर लावायचा, काम झालं की आपोआप जाणारा पडदा, अशी स्वप्नं आहेत. बरीचशी अजून प्रयोगशाळेतच आहेत. टॅक्सॉलला सालीपासून सलाईनपर्यंत तीस वर्षं लागली, हे लक्षात ठेवून वाट बघायची.

मनसुख वाणी यांना वॉल यांच्यासोबत २००० साली कॅन्सर संशोधनातला केटरिंग पुरस्कार मिळाला. ११ एप्रिल २०२० रोजी, वयाच्या ९५ व्या वर्षी ते गेले. तो लॉकडाऊनचा पहिलाच महिना होता, आपल्याकडं बातमी फारशी पोचली नाही. नंदुरबारच्या, धुळ्याच्या श्रोत्यांनो, तुमच्या शाळेत विज्ञान प्रदर्शन असेल तर यंदा एक तक्ता या माणसाचा लावा. फोटो काढून पाठवला तर पुढच्या भागात तुमच्या शाळेचं नाव घेऊ.

आणि एक काम बाकीच्यांनाही. ज्याच्या घरी केमो चालू आहे, त्याला हा भाग पाठवा. मुंग्यांवालं बोलणं तेवढं त्यानं नक्की ऐकलं पाहिजे.

चला, भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या. राम राम!